बोटांना दिसायचं तेवढं

टीचरच्या क्लासात शिरताना चपला बाहेर काढायच्या असत, आणि डोळेही. म्हणजे असं, की प्रत्येक टाइपरायटरच्या बटणांवर एक लाकडी खोकं पालथं घातलेलं असे आणि त्याला पुढून दोन हात आत जातील एवढी फट. हात आत घालायचे, बोटं आपापल्या जागी ठेवायची आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बडवायला लागायचं. खाली बघायची सोयच नव्हती. कुणी खोकं उचलून डोकावलंच तर टीचर टेबलावर पट्टीचा टोला देत आणि म्हणत, "टाइपिंग बोटांनी करतत, डोळ्यांनी नाय."

क्लास होता मालवणात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, टीचरच्या घराच्या पुढच्या खोलीत. आमचा जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. ओरोसला जिल्ह्याच्या कचेऱ्या येणार, तिथे टायपिस्ट लागणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, त्यामुळे मॅट्रिक झालेलं प्रत्येक पोर टाइपिंगला लागलं होतं. माझं घर कसालला. ओरोस अगदी उशाशी, पण टाइपिंग शिकायला मात्र एस.टी.ने मालवण गाठायचं. वडिलांनी पहिल्या दिवशी आणून सोडलं तेव्हा मी तोंड फुगवून बसले होते. मला कॉलेजात जायचं होतं आणि हे लोखंडी धूड माझ्या नशिबी आलं म्हणून मला त्याचा राग होता. तो राग मी बटणांवर काढत असे, आणि त्याचा फायदाच झाला, कारण त्या मशीनची बटणं रागावल्याशिवाय खाली जातच नसत. करंगळीखालचा 'ए' तर असा उठे की जेमतेम सावली पडावी. एकचा आकडा मशीनवर नव्हताच, त्याच्या जागी स्मॉल एल मारायचा. मराठी मशीनवर आधी अर्धं अक्षर मारायचं आणि मग त्याला काना जोडून पुरं करायचं. ओळ संपत आली की 'टिंग' अशी घंटी वाजे. ती वाजली की डाव्या हाताने दांडा हाणून कागदाची गाडी मागे ढकलायची. सहा मशीनच्या सहा घंट्या एकदम वाजल्या की मला आरतीला उभं राहिल्यासारखं वाटे.

टीचर ख्रिश्चन होत्या, लग्न न केलेल्या, पन्नाशी उलटलेल्या. फ्रॉक घालत आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. टाइपिंगही त्या गाण्यासारखंच शिकवत. ग्रामोफोनवर बँडची तबकडी लावत आणि आम्ही सगळे त्या ठेक्यावर 'ए एस डी एफ' बडवत असू. चुकीचं बटण कुणाकडून दाबलं गेलं हे त्यांना आवाजावरून कळे. पाठमोऱ्या असल्या तरी ओरडत, "खिडकीकडचां मशीन! तुझी करंगळी खंय झोपली?" आणि करंगळी खरंच झोपलेली असे.

परीक्षा झाल्यावरही मी तिथेच राहिले. ओरोसच्या कचेऱ्या अजून कागदावर होत्या आणि टीचरना हाताखाली कुणीतरी हवं होतं. खरं सांगायचं तर माझंही मन तिथून निघत नव्हतं. घरी मला कोणी विचारत नव्हतं, तिथे मात्र टीचर माझ्या हातच्या चहाची वाट बघत.

क्लासात एक नियम होता. कुणी टाइप केलेला कागद टीचर स्वतः तपासत नसत. शेजारच्याने तो मोठ्याने वाचून दाखवायचा, स्वल्पविरामासकट. आम्हाला वाटे ही शिस्त आहे. मशीनची फीत त्या बोटांनी चाचपून बसवत, ते कसब वाटे. स्टुलं जागची हलवली की त्या भडकत, तो स्वभाव वाटे. मग एक दिवस शेजारची पांढरी बकरी क्लासाच्या दारात येऊन उभी राहिली. टीचरनी दाराकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "उशीर कित्याक झालो? आत ये गो, उंबऱ्यात उभी रव नको."

पहिल्या ओळीतली दोघं खुदकन हसली. मग हसणं थांबलं, मशीनही थांबल्या. बकरी निघून गेली. टीचर म्हणाल्या, "थांबलात कित्याक?" आम्ही पुन्हा बडवायला लागलो.

त्यावर आमच्यात बोलणं असं झालंच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून स्टुलं कुणी तसूभर हलवीना. कोणी नवीन शिकायला आलं की आमच्यातलं कोणीतरी त्याचं नाव, गाव, अंगातले कपडे मोठमोठ्याने बोलून घेई. टीचरना वाटत होतं कुणाला कळलेलं नाही, आणि आम्ही त्यांचं ते वाटणं जपून ठेवलं होतं.

त्या लपवत का होत्या हेही मला हळूहळू उमगलं. त्यांच्या आईचे असेच डोळे गेले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं आणि होता तो उजेडही गेला. तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की टीचर विषय बदलत. दुसरी भीती त्यांच्या भाच्याची. बहीण गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवला, शिकवला. आता तो आखातात नोकरीला होता आणि त्याने गोव्यात म्हापशाला घर बांधलं होतं. "आंटी, तू आता आराम कर, म्हापशाक चल," हे त्याचं जुनं पालुपद. त्याला डोळ्यांचं कळलं की क्लासाला कुलूप लागणार आणि आपण म्हापशाच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसणार, एवढंच टीचरना समोर दिसत होतं. भाचा वाईट नव्हता. पण माया करणाऱ्या माणसासमोर हट्ट चालत नाही, हे त्या जाणून होत्या.

त्या वर्षी, म्हणजे ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा, तो नाताळला आला तो खोकी घेऊनच. टीचरनी मला आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या क्लासाक सुटी, पण तू ये. आणि माझ्याच कडेन रव." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी गेले तर जेवणाच्या टेबलावर टीव्ही आणून ठेवलेला, पुढ्यात एक कीबोर्ड, त्याच्या बाजूला काळी मूठ असलेला एक दांडा आणि एक शेपटीवाली पांढरी डबी. भाचा लहान मुलासारखा खुलला होता. त्याने तो काळा दांडा पकडून पडद्यावर विमान उडवून दाखवलं, ते पाडूनही दाखवलं. मग म्हणाला, "आंटी, ह्यो कम्प्युटर. तुझ्यासाठी हाडलंय. ती सगळी भंगार मशीनां आता विकून टाक."

"भंगार" म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार तेवढ्यात टीचरनी माझा हात दाबला आणि खुर्ची ओढून कीबोर्डसमोर बसल्या.

बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या कीबोर्डवर दोन बटणांना बारीक उंचवटे होते, नेमके जिथे दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी बसायचं तिथे. त्या उंचवट्यांवरून त्यांनी बोटं फिरवली. "ह्या बनवणाऱ्यान आमचो विचार केल्यान हां," त्या म्हणाल्या. आमच्या जुन्या मशीनला असलं काही नव्हतं. तिथे जागा सापडायला महिनाभर बोलणी खावी लागत. आजही मी कुठल्याही कीबोर्डवर हात ठेवला की पहिल्यांदा ते दोन उंचवटे चाचपते.

भाचा म्हणाला, "कायतरी टाइप कर बघू." मी इंग्रजी पेपर घेऊन मोठ्याने वाचायला लागले, क्लासात वाचत असू तशीच. टीचरची बोटं सुटली. त्या बटणांना ना वजन होतं ना आवाज, तरी त्या आपल्या सवयीने ठोसत होत्या आणि टेबल हलत होतं. ओळ संपायच्या बेताला आली तशा त्या थबकल्या. "घंटी खंय आसा?"

"घंटी नाय, आंटी. ओळ आपसूक खाली जाता."

"आपसूक?" त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या डाव्या हाताला तर मुळीच पटलं नाही. पुढची ओळ संपली आणि त्या हाताने तीस वर्षांच्या सवयीने गाडीचा दांडा हाणला. तसला दांडा तिथे नव्हता, नाताळच्या नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटली होती. ती टेबलावरून उडाली आणि नेवऱ्या खोलीभर झाल्या. भाचा पोट धरून हसला. मी नेवऱ्या गोळा केल्या आणि ताटली उजवीकडे ठेवली. टीचर थांबल्या नाहीत. शेवटी भाच्याने पडदा वाचून काढला. सगळीकडे एकच्या जागी एल आला होता, तेवढं सोडलं तर एक चूक नव्हती. तो म्हणाला, "आंटी, तू एकदाय खाली बघूक नाय!"

"बघतत ते शिकावू," टीचर म्हणाल्या. असा ताठा मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, निभावलं.

पण भाच्याचा उत्साह अजून उतू जात होता. त्याने ती शेपटीवाली डबी पुढे सरकवली. "आता ह्यां बघ. ह्याका माऊस म्हणतत. आता टाइप करूकच नको. पडद्यार बाण आसा, तो न्हेवन ठेवायचो आणि बटण दाबायचां. झालां काम."

टीचरनी ती डबी हातात घेतली, उलटी केली, पोटातली गोळी बोटाने फिरवून बघितली. मग टेबलावर ठेवून फिरवायला लागल्या. भाचा म्हणाला, "डावीकडे, आंटी." त्यांनी उजवीकडे नेली. "डावीकडे म्हटलंय मी." बाण चुकीकडे पळतोय हे त्यांना दिसतच नव्हतं, त्यांनी आणखी उजवीकडे नेली. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. पण टीचर म्हणजे टीचर! डबीवरचा हात न उचलता म्हणाल्या, "आमच्या मशीनीत अक्षर जाग्यार रवता, कागद सरकता. डावीकडचां व्हया तर कागद उजवीकडे. तुझ्या मशीनीत सगळां उलटां."

हे इतकं चोख होतं की भाच्याने मान डोलावली. "खरां गो. टायपिस्टाचां डोक्यां!" म्हणून तो पुन्हा समजावायला बसला. टीचर ऐकत होत्या, डबी फिरवत होत्या. तो "वर" म्हणे, त्या वर नेत. तो "खाली" म्हणे, त्या खाली नेत. कान होते तोवर त्यांचं अडत नव्हतं.

तेवढ्यात दारात मासे विकणारी म्हावरेकारीण आली. "टीचरबाय, सुरमई घेतल्यात?" म्हणून तिने जी हाक मारली ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल. भाचा उठून दाराशी गेला, "नको नको" म्हणाला, परत आला. आणि मी पडद्याकडे बघितलं. पडदा काळा होता. लाईट गेली होती. भर दुपार, थंडीचे दिवस, पंखा नाही, दिवा नाही, त्यामुळे खोलीत दुसरं काही बदललं नव्हतं. टीव्हीची बारीक घरघर तेवढी थांबली होती, आणि ती नेमकी म्हावरेकारणीच्या ओरडण्यात बुडाली होती.

टीचर डबी फिरवत होत्या. "हां," त्या म्हणाल्या, "आता बरो हातात इलो. बघ, गेलो वर. आता खाली हाडतंय. दिसता मा तुका?"

भाचा तिथेच उभा राहिला. त्याने पडद्याकडे बघितलं, टीचरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. काय करणार होते मी? बकरीच्या वेळी मशीन बडवून आवाज करता आला होता, इथे माझ्या हाताशी काहीच नव्हतं.

"आंटी," तो अगदी हळू म्हणाला. "लाईट गेली आसा."

टीचरचा हात थांबला. "कदी?"

"मगाशीच."

टीचरनी डबी बाजूला सारली, तिची शेपटी नीट गुंडाळून ठेवली. मग सरळ समोर बघत म्हणाल्या, "माका दिसणा नाय रे बाबा. उजेड कळता, माणूस हलला तर कळता. बाकी काय दिसणा नाय."

वर्ष-दीड वर्ष आम्ही सगळे ज्या वाक्याच्या भोवतीने चालत होतो ते त्यांनी बोलून टाकलं. मला रडू फुटलं. भाचा त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसला आणि एवढा थोराड माणूस त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणत राहिला, "माका कित्याक सांगूक नाय? माका कित्याक सांगूक नाय?"

"सांगितलंय तर तू म्हापशाक न्हेवन माका खुर्चयेर बसवतलंस. आणि क्लासाक कुलूप."

"क्लासाक कुलूप पडाचां नाय," मी मध्येच बोलले. आवाज नको इतका चढला होता. "मी बघतंय क्लास. तुमी डोळ्यांचां ऑपरेशन करून येयसर एक दिवस बंद ठेवचंय नाय."

टीचरनी मान वळवली. "म्हणजे तुका खबर होती?"

"सगळ्यांका खबर आसा, टीचर. ती बकरी इली होती तेव्हापासून."

"खंयची बकरी?"

मग मला सांगावंच लागलं. टीचर ऐकत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं आता पट्टीचा टोला बसणार. "तिका मी काय म्हटलंय?" त्यांनी विचारलं.

"उशीर कित्याक झालो, म्हटलात. उंबऱ्यात उभी रव नको, आत ये."

"आणि ती इली काय आत?"

"नाय."

"शाणी गो ती. नायतर परीक्षेक बसवलंय असतंय तिका." आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग त्या पाण्याचं हसणं राहिलं नाही. "तुमी सगळ्यांनी माका सांभाळल्यात," त्या म्हणाल्या, "आणि मी समजतंय मी तुमका सांभाळतंय." भाचा उठून आत गेला आणि उगाच पाणी पीत बसला.

ऑपरेशनला त्या हो म्हणाल्या त्या दोन अटींवर: क्लास एक दिवसही बंद ठेवायचा नाही, आणि डोळे आले नाहीत तरी मालवणलाच आणून सोडायचं. भाच्याने दोन्ही कबूल केल्या. आईच्या वेळचं आता राहिलेलं नाही, डॉक्टर सुधारलेत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, पण जायच्या दिवशी म्हापशाच्या गाडीत टीचरचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. त्यांनी ऑपरेशनबद्दल एक शब्द काढला नाही. "मराठी मशीनीक तेल घाल," एवढंच म्हणाल्या.

मी क्लास चालवला. पट्टी आपटून बघितली, पण माझ्या पट्टीला कोणी भीक घातली नाही. तबकडी लावत होते, खोकी पालथी घालत होते आणि मनात एकच होतं, की त्यांचा उजेडही गेला तर? त्यांना खोटं धाडस मी दिलं का? भाच्याचा निरोप एस.टी.च्या कंडक्टरकडून यायचा. एक डोळा झाला. पट्टी आहे. मग दुसरा झाला. अजून पट्टी आहे. पट्टी सुटल्याचा निरोप काही येईना. मी कुणकेश्वराला नारळ बोललेच, आणि त्यांच्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्तीही लावून आले. आपलं काम होण्याशी मतलब.

आणि एका सकाळी, क्लास भरलेला असताना, दारात टीचर उभ्या. भाचा मागे पिशव्या घेऊन. टीचरच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, त्यात त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्या आमच्याकडे बघत होत्या, एकेका तोंडावरून पुढे सरकत, आणि त्या मोठ्या डोळ्यांत कुणाचीही ओळख नव्हती. माझ्यावरूनही नजर तशीच पुढे गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी क्लासात आले त्याच्या आधीच त्यांचे डोळे अधू झालेले असणार. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते आणि त्यांनी मला एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं.

"टीचर," मी म्हटलं.

आवाज ऐकल्याबरोबर त्या वळल्या. जवळ आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"तू गो ही?"

"होय, टीचर."

त्या बघतच राहिल्या. मग बोट उचलून माझ्या नाकाला लावलं. "चमकी आसा तुझ्या नाकात! कदी टोचून घेतलंस?"

"पयल्यापासून आसा."

"पयल्यापासून," त्या म्हणाल्या. ते बोट त्यांनी लगेच काढलं नाही. मग एक स्टूल ओढून खिडकीच्या उजेडात बसल्या, आम्हा सगळ्यांना एकेक करून समोर बोलावलं, आणि त्या दिवशी क्लासात टाइपिंग काही झालं नाही.